यूकेतली लिमिटेड कंपनी बंद करायची आहे: १४ टक्के, १८ टक्के आणि ५ एप्रिल

रेडिंगचा_रहिवासी

नमस्कार मंडळी,

२०१४ पासून स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून आयटीची कंत्राटं करतोय. बँका, विमा कंपन्या, अधूनमधून एखादं सरकारी खातं. डिसेंबर २०२५ अखेर शेवटचं कंत्राट संपलं आणि त्याच क्लायंटकडे आता ८५ हजारांवर पर्मनंट लागलोय. बाजार आटलाय, मुलगी जीसीएसईला (इथली दहावी) आहे, दर सहा महिन्यांनी नवीन काम शोधायची हौस फिटली.

कॉर्पोरेशन टॅक्स, व्हॅट, अकाउंटंटची फी असं सगळं चुकतं करून कंपनीच्या खात्यात साधारण १ लाख ८० हजार पौंड राहतील. शंभर शेअर आहेत, साठ माझे, चाळीस बायकोचे. ती शाळेत नोकरी करते, पगार ३२ हजार. कंपनीत ती डायरेक्टर नाही, सेक्रेटरी नाही, पगारावरही कधी नव्हती.

अकाउंटंट म्हणाला, ‘एमव्हीएल करा (म्हणजे कंपनी रीतसर लिक्विडेशनमध्ये घालून बंद करा), पण ५ एप्रिलच्या आत.’ त्यानंतर फोन उचलत नाही. जानेवारीत त्याच्याकडे रिटर्न्सचा ढीग असणार, त्याला तरी काय बोलणार. डिव्हिडंड काढत बसलो तर पगाराच्या वर ३३.७५ टक्के जातात, एवढं मला कळतं. पण ते १४ टक्क्यांचं प्रकरण नक्की काय आहे? मला मिळेल का? बायकोच्या हिश्श्याचं काय? आणि एप्रिलची एवढी घाई का?

चिवडाप्रेमी

जागा धरून बसलोय. आमच्याही कंपनीचं तेरावं जवळ आलंय.

ताळेबंद

रेडिंगकर, घाई खरी आहे. पण मुळापासून बघू, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल. मी इथे क्रॉयडनला प्रॅक्टिस करते, तरी हा सल्ला नाही, गप्पा आहेत. सही करण्यापूर्वी स्वतःच्या माणसाकडून लेखी घ्या.

कंपनीतून शेअरधारकाच्या हातात आलेला पैसा एरवी डिव्हिडंड. पण कंपनी रीतसर लिक्विडेशनमध्ये गेली की तोच पैसा तुम्ही शेअर विकल्यासारखा धरतात. मग त्यावर इन्कम टॅक्स नाही, कॅपिटल गेन्स टॅक्स. त्याचे साधे दर सध्या १८ आणि २४ टक्के. त्यावर आणखी सवलत म्हणजे बिझनेस ॲसेट डिस्पोजल रिलीफ, ज्याला सगळे बीएडीआर म्हणतात. २००८ साली तेव्हाचे अर्थमंत्री अलिस्टर डार्लिंग यांनी आणली तेव्हा हिचं नाव आंत्रप्रनर्स रिलीफ होतं. आयुष्यभराची मर्यादा तेव्हा १० लाख पौंड, २०११ पर्यंत ती १ कोटीवर गेली, मार्च २०२० मध्ये ऋषी सुनक यांनी परत १० लाखांवर आणून ठेवली. तुमच्या-आमच्यासारख्यांना त्या मर्यादेशी काही घेणंदेणं नाही. आपलं घोडं अडतं दरापाशी. सुरुवातीपासून १० टक्के होता. ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये रेचल रीव्ह्ज यांनी तो ६ एप्रिल २०२५ पासून १४ आणि ६ एप्रिल २०२६ पासून १८ केला. म्हणून तुमचा अकाउंटंट घड्याळ दाखवतोय.

आता अटी. शेअर आणि मतदानाचा हक्क दोन्ही किमान ५ टक्के. नफ्यावर आणि मालमत्तेवर, किंवा कंपनी विकली तर येणाऱ्या पैशांवरही ५ टक्के हक्क (ही भर २९ ऑक्टोबर २०१८ पासूनची). तुम्ही कंपनीचे अधिकारी किंवा कर्मचारी असायला हवेत. कंपनी ‘ट्रेडिंग’ हवी. हे सगळं धंदा थांबला त्या तारखेपूर्वी सलग दोन वर्षं, आणि धंदा थांबल्यापासून तीन वर्षांच्या आत पैसे हातात. तुम्ही सगळ्यात बसता.

तुमच्या सौ. मात्र बसत नाहीत. चाळीस टक्के शेअर आहेत, पण अधिकारी नाहीत आणि कर्मचारीही नाहीत. आपल्या लोकांत हे सर्रास. डिव्हिडंड वाटून घ्यायला बायकोला शेअर द्यायचे आणि पुढे काही नोंदवायचंच नाही. कंपनी सेक्रेटरी म्हणून नाव घातलेलं असतं तरी भागलं असतं, सेक्रेटरी हा अधिकारीच. आता नेमून उपयोग नाही, दोन वर्षं मागे जाता येत नाही.

आहे त्या स्थितीत हिशोब असा. तुमचे १,०८,०००, त्यातून वर्षाची सूट ३,०००, उरलेल्या १,०५,००० वर १४ टक्के म्हणजे १४,७००. त्यांचे ७२,०००, सूट जाऊन ६९,०००. पगारानंतर त्यांच्या बेसिक (खालच्या दराच्या) पट्ट्यात १८,२७० ची जागा उरते, तेवढ्यावर १८ टक्के, बाकी ५०,७३० वर २४. होतात १५,४६४ च्या आसपास. म्हणजे हिस्सा त्यांचा कमी आणि कर तुमच्याहून जास्त. दोघांचे मिळून ३०,१६४.

वाट आहे, आणि ती सरळ आहे. नवरा-बायकोत शेअर दिले-घेतले तर त्यावर कॅपिटल गेन्स लागत नाही. आणि दोन वर्षांची अट ‘कंपनीत ५ टक्के होते का’ याची आहे, प्रत्येक शेअर दोन वर्षं तुमच्याकडे होता का याची नाही. त्यांनी शेअर तुमच्या नावे केले आणि मग कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, तर त्या शेअरवरही तुम्हाला १४ टक्के. सगळे तुमच्याकडे आले तर १,७७,००० वर २४,७८०. साडेपाच हजारांच्या आतबाहेर वाचतात. एक-दोन शेअर त्यांच्याकडे ठेवा, म्हणजे त्यांची ३,००० ची सूट वाया जात नाही.

दोन पथ्यं. हस्तांतरण लिक्विडेशनच्या ठरावाआधीच झालं पाहिजे, नंतर केलेलं लिक्विडेटरच्या मंजुरीशिवाय रद्दबातल. आणि बक्षीस म्हणजे खरं बक्षीस, पैसे तुमचेच होणार. घरात त्यावरून काही बोलणं होणार असेल तर ते आधी होऊ द्या.

चिवडाप्रेमी

‘घरात बोलणं होऊ द्या’. ताई, साडेपाच हजार वाचवायला जाऊन हात दाखवून अवलक्षण व्हायचं.

रेडिंगचा_रहिवासी

ताई, शतशः आभार. अकाउंटंटने हे शेअर बदलण्याचं कधीच सुचवलं नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली, ‘दे सही कुठे करायची ते. पण लॉफ्ट यंदा.’

एमव्हीएल प्रत्यक्षात किती दिवसांचं काम? आता जानेवारी २०२६ अर्धा संपलाय.

ताळेबंद

मेंबर्स व्हॉलंटरी लिक्विडेशन. नाव भारदस्त, काम कागदांचं. डायरेक्टर शपथेवर सॉल्व्हन्सीचं पत्र देतो, की कंपनीची सगळी देणी व्याजासकट बारा महिन्यांच्या आत फिटतील. ती शपथ ठरावाच्या आधीच्या पाच आठवड्यांतली हवी. हिला हलकं घेऊ नका, आधार नसताना सही केली तर तो गुन्हा आहे. मग ७५ टक्के मतांनी विशेष ठराव, परवानाधारक इन्सॉल्व्हन्सी प्रॅक्टिशनरची लिक्विडेटर म्हणून नेमणूक, गॅझेटमध्ये सूचना. सगळे कागद तयार असतील तर दोन-तीन आठवड्यांत नेमणूक होते.

रखडतं ते पुढे. एचएमआरसीकडून, म्हणजे इथल्या कर खात्याकडून, ‘आमचं काही येणं नाही’ असं यायला महिने लागतात. पण बहुतेक लिक्विडेटर तुमच्याकडून हमीपत्र घेतात आणि मोठा हिस्सा लगेच देऊन टाकतात. तुम्हाला कराची तारीख लागते ती पैसे मिळाल्याची, लिक्विडेशन सुरू झाल्याची नाही. तेव्हा लिक्विडेटर निवडताना फीआधी एकच विचारा: पहिलं वाटप नेमणुकीनंतर किती दिवसांत? मार्चमध्ये यांच्या दारात रांग लागते.

काही रक्कम ते राखून ठेवतील. ती उन्हाळ्यात आली तर तिच्यावर १८ टक्के, पण नव्या वर्षाची ३,००० ची सूटही तिला मिळते. थोडीच रक्कम असेल तर नुकसान काहीच नाही.

कॉर्पोरेशन टॅक्स लिक्विडेशनच्या आधी भरून टाका, मुदत पुढची असली तरी. नाहीतर त्या देण्यावर ८ टक्के व्याज चालू होतं. धंदा थांबल्यापासून ३० दिवसांत व्हॅटची नोंदणी रद्द करायची असते, ते केलं का बघा. पीएवायई (पगारातून कर कापण्याची नोंदणी) बंद. डायरेक्टर्स लोन (कंपनीकडून तुम्ही घेतलेली उचल) तुमच्याकडे थकलं असेल तर आधी परत भरा.

स्लाउवाला

एवढी चर्चा चाललीय म्हणून विचारतो. माझ्या कंपनीत ९५ हजार पडून आहेत. आत्ता १४ टक्क्यांत काढून कंपनी बंद करायची आणि ऑगस्टमध्ये बायकोच्या नावाने नवी उघडून तिच्यातून काम सुरू करायचं. क्लायंट तोच, काम तेच. माझ्या ओळखीच्या दोघांनी केलंय, दोघंही मजेत आहेत.

ताळेबंद

करू नका.

स्लाउवाला

कारण?

ताळेबंद

कारण याच गोष्टीसाठी ६ एप्रिल २०१६ पासून कायदा आहे. टार्गेटेड अँटी-अव्हॉयडन्स रूल, लोक टीएएआर म्हणतात. चार गोष्टी जुळल्या की लिक्विडेशनचा पैसा परत डिव्हिडंड म्हणून धरतात. तुमचे किमान ५ टक्के, कंपनी मोजक्या माणसांच्या ताब्यातली, या दोन तर आपल्याकडे सगळ्यांच्याच जुळतात. तिसरी, वाटपानंतर दोन वर्षांत तुम्ही तोच किंवा तसाच धंदा चालवता किंवा त्यात गुंतलेले असता. स्वतःच्या नावाने, भागीदारीत, नव्या कंपनीतून, कसाही. ‘जवळच्या व्यक्ती’चा धंदाही यात येतो, आणि कायद्याला बायकोपेक्षा जवळची व्यक्ती माहीत नाही. चौथी, लिक्विडेशनचा एक मुख्य हेतू इन्कम टॅक्स वाचवणं होता असं मानायला वाव आहे. तुम्ही तर तो हेतू इथे लिहूनच दिलात.

एचएमआरसीच्या मॅन्युअलमध्ये यावर तीन उदाहरणं आहेत. पहिला माळी, दहा वर्षं बागकामाची कंपनी चालवून निवृत्त होतो, कंपनी बंद करतो आणि पेन्शनला हातभार म्हणून गावात थोडंफार बागकाम करत राहतो. काम तेच, तरी हेतू कर वाचवण्याचा नाही, म्हणून सुटतो. तिसरी एक अकाउंटंट, स्वतःची कंपनी बंद करून भावाच्या फर्ममध्ये नोकरीला लागते. भाऊ म्हणजे जवळची व्यक्ती, पण हेतू धंद्यातली जोखीम टाळण्याचा, तीही सुटते. मधली बाई दर कंत्राटाला नवी कंपनी काढते, काम संपलं की ती गुंडाळून पैसे भांडवल म्हणून घेते. ती सापडते. तिचा व्यवसाय काय लिहिलाय? आयटी कंत्राटदार.

तुमचे दोघं ओळखीचे मजेत आहेत ते अजून पत्र आलं नाही म्हणून. रिटर्न तुम्ही स्वतः भरता, त्यामुळे हा नियम आपल्याला लागतो का हे ठरवण्याची जबाबदारीही तुमचीच. आधी विचारून मंजुरी घ्यावी म्हणाल तर या प्रश्नावर एचएमआरसी ती देत नाही.

स्लाउवाला

मग अंब्रेलातून (कंत्राटदारांना पगारावर ठेवणाऱ्या मधल्या कंपनीतून) काम केलं तर? आता अर्धी कामं इनसाइडच असतात, म्हणजे कर नोकरदारासारखाच.

ताळेबंद

अंब्रेलात तुम्ही दुसऱ्याचे नोकर. त्या अंब्रेलाशी तुमचं नातं नाही, हिस्सा नाही. त्यामुळे ते ‘तसाच धंदा चालवणं’ होत नाही असं बहुतेक अकाउंटंट धरून चालतात, आणि मीही. पण तुमच्या मनात ऑगस्टमध्ये नवी कंपनी असेल तर ९५ हजार आहेत तिथेच राहू द्या आणि हीच कंपनी चालवा. बंद करायची गरजच काय आहे? ही सवलत धंदा सोडणाऱ्यासाठी आहे. तुम्ही सोडत नाही आहात.

निवृत्तीच्या_वाटेवर

ताईंशी सहमत, आणि एक वेगळा मुद्दा. सगळे १४ टक्के म्हटलं की धावतात. मी धावलो नाही.

वय ६१. धंदा गेल्या वसंतात थांबवला, नोकरी करायची नाही, स्टेट पेन्शन अजून लांब. कंपनीत १ लाखभर होते. एमव्हीएल केलं असतं तर ९७,००० वर १४ टक्के म्हणजे १३,५८०, आणि लिक्विडेटरची फी वेगळी. त्याऐवजी काय केलं, तर या करवर्षात ५०,२७० डिव्हिडंड घेतला. पहिले १२,५७० पर्सनल अलाउन्समध्ये (करमुक्त उत्पन्नाच्या मर्यादेत), ५०० डिव्हिडंडची सूट, राहिलेल्या ३७,२०० वर ८.७५ टक्के. कर ३,२५५. एप्रिलनंतर दर १०.७५ होतोय, तरी पुढच्या वर्षी तेवढाच काढला तर ३,९९९. दोन वर्षांत सगळं मोकळं, कर सव्वासात हजार. कंपनी एक वर्ष जास्त जिवंत ठेवायचा खर्च यात धरला तरी निम्म्याच्या आसपास.

बायकोच्याही नावावर शेअर असते आणि तिला दुसरं उत्पन्न नसतं तर आणखी खाली आलं असतं.

ताळेबंद

शंभर टक्के बरोबर. एप्रिलनंतर तर हे आणखी ठळक होईल. बीएडीआर १८, आणि बेसिक पट्ट्यातला साधा कॅपिटल गेन्सही १८. म्हणजे ज्याचं दुसरं उत्पन्न नाही त्याला पट्ट्याच्या आतल्या रकमेवर सवलतीचा फायदा शून्य. वरच्या पट्ट्यात २४ विरुद्ध १८, सहा टक्क्यांचा फरक. पूर्ण १० लाखांवरही ६० हजारच. पूर्वीचे ते दिवस गेले.

रेडिंगकरांचं गणित वेगळं आहे, कारण त्यांना ८५ हजार पगार आहे. डिव्हिडंडचा पहिला पौंडच ३३.७५ च्या पट्ट्यात पडतो, एप्रिलनंतर ३५.७५. सव्वा लाखाच्या वर गेला की ३९.३५, आणि १ लाखानंतर पर्सनल अलाउन्स गळायला लागतो तो वेगळाच. कंपनीत किती पैसे आहेत यापेक्षा तुम्ही पुढे काय करणार आहात यावर हे सगळं ठरतं. माझ्याकडे लोक येतात ते पहिल्या वाक्यात रक्कम सांगतात. मी विचारते, सोमवारपासून कुठे जाणार?

उंटावरचा_शहाणा

तीन वर्षांच्या अटीबद्दल ओरडून सांगतो, कारण त्यावर फारसं कुणी बोलत नाही. आमच्या क्रिकेट ग्रुपमधल्या एकाचं उदाहरण. एप्रिल २०२१ ला ऑफ-पेरोलचा नियम (कंत्राटदार करासाठी नोकरदारासारखा आहे का हे क्लायंटने ठरवायचं) खासगी क्षेत्राला लागू झाला. बँकांनी सरसकट सगळ्यांना इनसाइड केलं, तेव्हा हा पर्मनंट झाला. कंपनी बंद केली नाही, ‘नियम बदलला तर परत येऊ’ म्हणून. आणि सप्टेंबर २०२२ ला तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी खरंच जाहीर केलं की या नियमाचे २०१७ (सरकारी क्षेत्र) आणि २०२१ चे दोन्ही बदल रद्द. त्या शनिवारी याने सगळ्यांना पार्टी दिली. १७ ऑक्टोबरला त्यांच्या जागी आलेल्या जेरेमी हंट यांनी ते सगळं गुंडाळलं. हा तरीही थांबला.

२०२४ च्या उन्हाळ्यात कंपनी बंद करायला गेला तर तीन वर्षं उलटून गेली होती. सवलत गेली. पैसे तेच, कंपनी तीच, मध्ये फक्त कॅलेंडर हललं. ज्यांनी २०२३ मध्ये काम थांबवून कंपनी डॉर्मंट ठेवलीय त्यांनी आजच तारीख काढून बघा.

मिल्टनकीन्सकर

माझा पेच वेगळा. कंपनीत पैसे पडून राहायचे म्हणून २०२१ ला कंपनीच्याच नावाने इथे एक फ्लॅट घेतला, भाड्याने दिलाय. कंत्राटाची कमाई वर्षाला ९०-९५ हजार, भाडं १४ हजार. अजून काम चालू आहे, पण दोनेक वर्षांत बंद करायचा विचार आहे. मला बीएडीआर मिळेल?

ताळेबंद

इथे जपून. ‘ट्रेडिंग’ कंपनी म्हणजे जिचे धंद्याबाहेरचे उद्योग मोठ्या प्रमाणात नाहीत अशी. ‘मोठं’ म्हणजे किती, तर एचएमआरसीचा ढोबळ मापदंड २० टक्के. पण ते फक्त उत्पन्न बघत नाहीत. उत्पन्नात तुम्ही १३-१४ टक्क्यांवर आहात. कंपनीची मालमत्ता बघितली तर त्यात फ्लॅटच मुख्य असणार. खर्च आणि तुमचा वेळ कुठे जातो तेही बघतात, आणि सगळ्याचं मिळून एक चित्र करतात. कंत्राटातून साठलेली नुसती रोकड खात्यात पडून असेल तर सहसा त्रास होत नाही. तिची गुंतवणूक म्हणून हालचाल सुरू केली की होतो. फ्लॅट ही हालचालच.

दोन वर्षं हाताशी आहेत हे तुमचं नशीब. फ्लॅट कंपनीतून बाहेर काढायचा असेल तर आत्ता काढून पुढची दोन वर्षं कंपनी स्वच्छ ठेवता येते. पण त्याचा स्वतःचा कर आहे. कंपनीला नफ्यावर कॉर्पोरेशन टॅक्स, तुम्ही विकत घेतलात तर स्टॅम्प ड्युटी. १८ टक्के दराच्या सवलतीसाठी हे सगळं परवडतं का ते कागदावर मांडा. कित्येकदा नाही परवडत.

चिवडाप्रेमी

आता गरिबांचं बघा. माझ्याकडे सगळं देऊन २७ हजार उरतील. मला कुणी लिक्विडेटर नको.

ताळेबंद

तुम्हाला डीएस०१. कंपनीज हाउसला (कंपन्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी कार्यालय) अर्ज करून कंपनीचं नाव काढून टाकायचं. आधीच्या तीन महिन्यांत कंपनीने धंदा केलेला नको. असं बंद करताना एकूण वाटप २५,००० पौंडांच्या आत असेल तरच ते भांडवल धरतात. ही मर्यादा मार्च २०१२ पासूनची, त्याआधी एका सवलतीखाली मर्यादाच नव्हती, आणि तेव्हा लोकांनी तिचा भरपूर उपयोग करून घेतला.

ही मर्यादा म्हणजे कडा आहे, उतार नाही. २५,००१ झाले की वरच्या एका पौंडावर नाही, सगळ्याच रकमेवर डिव्हिडंडचा कर. तुमचे २७ हजार कड्याच्या पलीकडे पडतात. धंदा अजून चालू असेल तर कंपनीकडून तुमच्या पेन्शनमध्ये दोन-तीन हजार भरा. त्यावर कॉर्पोरेशन टॅक्सही वाचतो. धंदा थांबल्यावर भरले तर तो धंद्यासाठीचाच खर्च होता हे पटवून देणं जड जातं. फक्त २७ हजारांसाठी एमव्हीएल करू नका, फी व्हॅटसकट दोन-अडीच हजारांपर्यंत सहज जाते.

आणि खात्यात एक पेनीही मागे ठेवू नका. कंपनी विसर्जित झाली की उरलेली मालमत्ता राजसत्तेकडे जाते. कंपनी लँकेस्टर किंवा कॉर्नवॉलच्या हद्दीतली असेल तर त्या त्या डचीकडे (राजघराण्याच्या जहागिरीकडे).

चिवडाप्रेमी

म्हणजे माझा व्हॅटचा परतावा राजाला? आपण चहा पाजू हवं तर, परतावा नाही.

कोथरूडचा_सीए

इकडून एक भर. यूकेतून परत येणारे माझ्याकडे नेहमी हाच प्रश्न घेऊन येतात, फक्त उशिरा. इथे कुणी परतणारं आहे का माहीत नाही, तरी लिहून ठेवतो.

भारतात आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बहुतेकांचा दर्जा ‘रहिवासी पण सामान्यतः रहिवासी नाही’ असा असतो. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त नाही, यापैकी एक अट पुरते. त्या काळात परदेशातलं उत्पन्न इथे करपात्र नाही, अपवाद भारतातून चालवलेल्या धंद्याचा. तेव्हा यूकेच्या कंपनीचं वाटप याच काळात घ्या, आणि आधी यूकेतल्या खात्यात घ्या. थेट इथल्या खात्यात पहिल्यांदा जमा झालं तर ‘भारतात मिळालेलं उत्पन्न’ म्हणून ते पकडलं जातं.

हा काळ संपल्यावर वाटप घेतलंत तर चित्र उलटं. आपल्या कायद्यात लिक्विडेशनमधली रक्कम साठलेल्या नफ्यापुरती डिव्हिडंड मानतात, म्हणजे स्लॅबचा दर. कंत्राटदाराच्या कंपनीत साठलेल्या नफ्याशिवाय दुसरं असतं काय? तिकडे ज्याला भांडवल म्हणाल, तेच इथे उत्पन्न.

आणि पुण्यात बसून त्याच कंपनीतून लंडनच्या क्लायंटचं काम चालू ठेवू नका. मग ते भारतातून चालवलेलं झालं. धंदा तिकडेच थांबवून या.

ताळेबंद

यूकेची बाजू मी जोडते. अनिवासी झाल्यावर शेअरवरच्या नफ्याला इथे कॅपिटल गेन्स सहसा लागत नाही. म्हणून लोक म्हणतात, विमानात बसा आणि मग लिक्विडेट करा. त्यावर पाच वर्षांचं कुंपण आहे. जाण्यापूर्वीच्या सात करवर्षांपैकी चार तुम्ही इथले रहिवासी असाल आणि पाच वर्षं पुरी व्हायच्या आत परत आलात, तर परतल्या वर्षी तो नफा इथे करपात्र. आई-वडिलांसाठी गेलेले, मुलांच्या शाळेसाठी तीन वर्षांत परतलेले मी पाहिलेत. जाताना सगळेच ‘कायमचे’ जात असतात.

उंटावरचा_शहाणा

कायमचे गेलेले आमच्या हाउन्स्लोच्या बसस्टॉपवर रोज भेटतात.

रेडिंगचा_रहिवासी

अपडेट. बायकोचे अडतीस शेअर माझ्या नावे झाले, दोन तिच्याकडे ठेवले. स्टॉक ट्रान्सफर फॉर्मवर सह्या, कंपनीच्या रजिस्टरमध्ये नोंद. बक्षीस असल्यामुळे स्टॅम्प ड्युटी नाही म्हणे. तीन लिक्विडेटरांना फोन केले. एकाची फी सगळ्यात कमी, पण पहिलं वाटप ‘एचएमआरसीच्या उत्तरानंतर’. त्याला नको म्हटलं. ज्याला होकार दिला तो म्हणतो, फेब्रुवारीच्या मध्यात ठराव, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात १ लाख ६५ हजार, बाकी राखीव. कॉर्पोरेशन टॅक्स कालच भरला.

व्हॅटची नोंदणी रद्द झाली आहे. मग लिक्विडेटरच्या बिलावरचा व्हॅट गेलाच ना? आणि ही सवलत मागायची कुठे, लिक्विडेटर मागतो का?

ताळेबंद

व्हॅट गेला नाही. नोंदणी रद्द झाल्यानंतरच्या अशा बिलांसाठी व्हॅट४२७ नावाचा फॉर्म आहे, लिक्विडेटरला तो भरायला सांगा.

सवलत तुम्ही स्वतः मागायची, सेल्फ असेसमेंटच्या कॅपिटल गेन्सच्या पानांवर. मार्चमध्ये मिळालेले पैसे २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये, ते जानेवारी २०२७ अखेर. दाव्याची शेवटची मुदत ३१ जानेवारी २०२८, पण तोवर थांबू नका. राखीव रक्कम एप्रिलनंतर आली तर ती पुढच्या वर्षाच्या रिटर्नमध्ये वेगळी दाखवायची, आणि तिच्यासाठी सवलतही पुन्हा मागायची. सौ.च्या दोन शेअरवरचे पैसे त्यांच्या ३,००० पेक्षा जरा जास्त होतील, तेवढ्यावर त्यांना कर. त्यांचंही रिटर्न भरावं लागेल, ते विसरू नका.

चिवडाप्रेमी

माझं शेवटचं. आम्ही दोघं भाऊ डायरेक्टर आहोत, तो सध्या ॲबरडीनला. डीएस०१ वर माझी एकट्याची सही चालेल?

ताळेबंद

नाही. दोनच डायरेक्टर असतील तर दोघांची लागते. तीन किंवा जास्त असते तर बहुसंख्यांची पुरली असती. अर्ज ऑनलाइन करता येतो, त्याला ॲबरडीनहून येण्याची गरज नाही. अर्ज केल्यापासून सात दिवसांत शेअरधारक, कर्मचारी, धनको (ज्यांचं कंपनीकडे येणं आहे ते) आणि एचएमआरसीला त्याची प्रत पाठवा. ते पत्र विसरलात तर एचएमआरसी हरकत घेऊन प्रकरण तिथेच अडकवते.